डोळ्यातली लेन्स आणि तलावाचे पाणी

मे महिन्यात आमच्या नेत्र विभागाच्या ओपीडीत लाल डोळ्यांच्या मुलांची रांग असते. पोहण्याच्या शिबिरांचे दिवस. बहुतेकांना घाबरण्यासारखे काही झालेले नसते. तलावातल्या क्लोरिनची पोहणाऱ्यांच्या घामाशी आणि, स्पष्टच सांगायचे तर, लघवीशी गाठ पडली की काही त्रासदायक रसायने तयार होतात. डोळे चुरचुरतात ते त्यांनी. स्वच्छ पाण्याने तोंड धुतले, थोडा वेळ गेला की आग थांबते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी वीस वर्षांची एक मुलगी उजव्या डोळ्यावर ओढणी धरून आईबरोबर आत आली. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्रास तीन आठवड्यांपासून. आधी औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले ड्रॉप झाले, मग एका डॉक्टरांनी नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग समजून उपचार केले. त्यांना मी दोष देत नाही. सुरुवातीला हा आजार हुबेहूब तसाच दिसतो आणि मीही पूर्वी एकदा असाच चकवा खाल्लेला आहे. खटकले ते वेगळेच. यंत्राखाली पाहिले तर बुबुळाचा पृष्ठभाग जरासा खरबरीत आणि धुरकट होता, एवढेच. वेदना मात्र अशी, की पोर चार रात्री झोपलेली नव्हती. दिसणारी जखम आणि होणारे दुखणे यांचा हिशेब जुळत नव्हता.

“लेन्स लावतेस का गं?”

“हो मॅडम.”

“पोहायला जातेस?”

“रोज सकाळी.”

“लेन्स काढून?”

“काढली तर समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. उणे साडेपाच नंबर आहे.”

तिच्या आधीच्या कुठल्याही केस पेपरवर हे लिहिलेले नव्हते. तिला कोणी विचारले नव्हते आणि सांगण्यासारखे काही आहे हे तिच्या मनातही आले नव्हते.

बुबुळाचा पृष्ठभाग हळूच खरवडून नमुना तपासायला पाठवला. हा जीव ओळखण्याची पद्धत मोठी मजेशीर आहे. काचेच्या बशीत नुसत्या अगारवर जिवाणूंचा पातळ थर पसरतात आणि त्यावर नमुना ठेवतात. नमुन्यात अमीबा असला तर तो जिवाणू खात खात पुढे सरकतो आणि गवतातून गुरे चरत गेल्यासारखी वाट मागे उमटते. तिच्या नमुन्यात ती वाट दिसली. अकँथामीबा.

हा अमीबा काही दुर्मीळ नाही. माती, धूळ, नळ, विहीर, तळे, समुद्र, पोहण्याचा तलाव, सगळीकडे तो असतो. आपण रोज त्याच्याच सोबतीने तोंड धुतो आणि काही होत नाही, कारण निरोगी बुबुळावर त्याला सहजासहजी टिकाव धरता येत नाही. “पण तलावात क्लोरिन असतो ना?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. असतो, आणि बहुतेक जिवाणूंसाठी तो पुरतोही. पण परिस्थिती प्रतिकूल झाली की अकँथामीबा स्वतःभोवती दुहेरी भिंतीचे कवच बांधून आत निपचित पडून राहतो. तलावात जेवढा क्लोरिन ठेवतात, तेवढ्याने या कवचाला काही होत नाही.

आता यात लेन्सचे काय काम? त्यासाठी मऊ लेन्सचा जन्म पाहावा लागेल. चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले यांनी 1961च्या नाताळात घरातल्या स्वयंपाकघरात, मुलांच्या जोडखेळाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून केलेल्या यंत्रावर या लेन्स तयार केल्या. त्यांचे पदार्थ निवडण्याचे सूत्र एकच होते: पाणी पिणारा आणि म्हणून मऊ राहणारा. आजही मऊ लेन्सच्या वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्म्याहून अधिक भाग पाणीच असते. डोळ्यात ती टोचत नाही ती याचमुळे, आणि तलावात उतरल्यावर तिथले पाणी शोषून घेते तीही याचमुळे. त्या पाण्यासोबत येणारे जंतू लेन्सला चिकटतात. तलावाचे पाणी अश्रूंपेक्षा कमी खारट असल्याने लेन्स बुबुळावर घट्टही बसते. मग ती ओढून काढताना वरच्या नाजूक थराला ओरखडे जातात आणि पाहुण्याला दार उघडे मिळते. बुबुळाचा हा पारदर्शक थर मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू मात्र अतोनात. अमीबा या मज्जातंतूंच्या कडेकडेने पसरतो, म्हणून ते दुखणे तसे असते.

पाश्चात्त्य देशांत या आजाराचे बहुसंख्य रुग्ण लेन्स वापरणारे असतात. आपल्याकडे उलट आहे. शेतात डोळ्याला पाते लागलेले, माती किंवा गढूळ पाणी गेलेले रुग्णच अधिक. त्यामुळे शहरातला लेन्सवाला रुग्ण समोर आला की कधी कधी डॉक्टरांच्याही मनात हा आजार चटकन येत नाही. म्हणून लाल डोळा दाखवायला गेलात तर न विचारता सांगा: मी लेन्स वापरतो, आणि अमुक दिवशी लेन्स लावून पाण्यात उतरलो होतो. तीन आठवड्यांचा उशीर आणि तीन दिवसांचा उशीर यांत पुष्कळदा दृष्टीचाच फरक पडतो. शिवाय लेन्सच्या आश्रयाने येणारा सुडोमोनास नावाचा जिवाणू तर तेवढीही सवड देत नाही, एक-दोन दिवसांत तो बुबुळ विरघळवू शकतो. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखत असेल, लाल झाला असेल किंवा उजेड सोसवत नसेल तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लेन्स आणि डबी टाकून देऊ नका, सोबत आणा. तीही तपासता येते. आणि दुकानातून स्टेरॉइडचे ड्रॉप तर मुळीच नकोत. त्याने लाली ओसरते, जंतूचे मात्र फावते.

‘पोहणे’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. लेन्स लावून शॉवरखाली उभे राहणे, पावसाळी सहलीत धबधब्यात शिरणे, रंगपंचमी, वॉटर पार्क आणि नळाखाली डबी विसळणे, हे सगळे त्याच जातीचे. बाटलीबंद पाणीही लेन्ससाठी चालत नाही. कंपनीचे द्रावण एवढेच चालते, तेही रोज नवे.

गॉगल लावला की झाले, असे वाटते. पण तो झिरपतो, सूर मारताना निसटतो. उत्तम उपाय आहे तो नंबरचा पोहण्याचा गॉगल. खेळाच्या दुकानात मिळतो, चष्म्याच्या बऱ्याशा फ्रेमपेक्षा स्वस्त पडतो. तयार गॉगलमध्ये तिरपा नंबर सहसा नसतो, पण तो हिशेबात धरून जवळचा नंबर चष्मेवाला काढून देतो, आणि भिंत व घड्याळ दिसायला तेवढा पुरतो. अगदीच इलाज नसेल, स्पर्धाच असेल, तर एका दिवसाची लेन्स घालावी, वर घट्ट गॉगल लावावा आणि बाहेर येताच ती कचऱ्यात टाकावी. महिन्याची लेन्स चुकून भिजली तर महागाची आहे म्हणून जपू नका. ती चिकटली असेल तर ओढू नका. कृत्रिम अश्रूंचे थेंब टाकून काही मिनिटे थांबा, हात धुऊन कोरडे करा आणि मगच काढा.

त्या मुलीला पहिले दोन दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा, औषध टाकावे लागले. आई गजर लावून उठत होती. पुढे अंतर वाढत गेले तरी उपचार सात महिने चालले. संसर्ग गेला, पण डोळ्यात फूल राहिले. बुबुळ प्रत्यारोपण लगेच करता येत नव्हते, कारण एखादे कवच लपून राहिले तर नव्या बुबुळातही आजार उलटतो. वर्षभर थांबून ते केले. नेत्रदानातून मिळालेल्या त्या बुबुळावर तिला आता तक्त्यावरच्या मधल्या ओळी वाचता येतात.

मागच्या तपासणीला आली तेव्हा सगळे टाके निघालेले होते. पोहायला मी परवानगी दिली. पुढच्या खेपेला तिने पिशवीतून गॉगल काढून दाखवला, डावी काच उणे साडेपाचची आणि उजवी निराळ्या नंबरची. रोज सकाळी पुन्हा तलावावर जाते म्हणाली. आईला ते अजून पसंत नाही.