१९२ किलोहर्ट्झ, की भिंतीपासून दोन फूट?

आजचा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण घाबरू नका, गणित फार अवघड नाहीये. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

तर समजा, तुमच्याकडे २० हजार रुपये आहेत आणि घरी गाणी नीट ऐकायची आहेत. दुकानात जा किंवा ऑनलाइन बघा, आधी डोळ्यांत भरतात ते खोक्यावरचे आकडे. '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ', 'हाय-रेझ'. आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं वाटणं साहजिक आहे. मोबाइलचा कॅमेराही आपण मेगापिक्सेल बघूनच घ्यायला शिकलो. पण आवाजात हे आकडे नेमकं काय मोजतात?

४४,१०० आले कुठून?

सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून सीडी तयार केली आणि १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने साठवलेले असतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आणि वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. नायक्विस्ट-शॅनन सिद्धान्त सांगतो की, एखादी कंपनसंख्या पूर्ण पकडायची तर दर सेकंदाला तिच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. म्हणजे ४० हजारांच्या थोडं वर.

मग नेमके ४४,१०० च का? कारण तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ रेषा, प्रत्येक रेषेवर ३ नमुने. करा गुणाकार: ६० × २४५ × ३ = ४४,१००. अर्धा आकडा कानाचा, अर्धा टेपचा!

इथे एक गैरसमज हमखास असतो. जाहिरातीतल्या चित्रात डिजिटल आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा दाखवतात आणि जास्त नमुने म्हणजे बारीक पायऱ्या असं सुचवतात. प्रत्यक्षात डॅकमधून, म्हणजे डिजिटलचा पुन्हा ॲनालॉग करणाऱ्या चिपमधून, बाहेर पडते ती गुळगुळीत लहरच. नमुने वाढवले की लहर जास्त गुळगुळीत होत नाही. फक्त २० हजारांच्या वरच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या कंपनसंख्या साठवता येतात.

बिटचंही तसंच. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल, म्हणून १६ बिट म्हणजे सुमारे ९६ डेसिबल. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. त्यावर ९६ चढवले तर १२६, म्हणजे कान दुखायला लागतील. २४ बिटचा खरा उपयोग स्टुडिओत होतो. तिथे रेकॉर्डिंग करताना हाताशी मोकळी जागा लागते.

कानांनी काय कौल दिला?

सिद्धान्त जाऊ दे, प्रयोग बघू. मेयर आणि मोरॅन यांनी २००७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. एकीकडे हाय-रेझ डिस्कचा आवाज, दुसरीकडे तोच आवाज सीडीच्या दर्जाला आणलेला. कुठला कोणता हे ऐकणाऱ्याला माहीत नाही. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे फरक शून्य नाही, पण अगदी बारीक आहे.

गंमत म्हणजे, त्या २००७ च्या चाचणीतल्या हाय-रेझ डिस्क एकूणात छानच वाजत होत्या. पण सीडीच्या दर्जाला आणल्यावरही त्या तशाच छान वाजल्या! कारण त्यांचं मास्टरिंग काळजीपूर्वक केलेलं होतं. म्हणून एखाद्या गाण्याची हाय-रेझ आवृत्ती खरंच सरस वाटली, तर श्रेय बहुतेक वेळा मास्टरिंगला द्यायचं.

आणि फोनवाल्यांनो, हे तर ऐकाच. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. ब्लूटूथवरचा एलडॅकसारखा तगडा कोडेकसुद्धा जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, नेहमीचे तर त्याच्या बरेच खाली. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झचं गाणं ब्लूटूथ बड्सवर लावलंत तरी ते वाटेतच आवळलं जातं.

खरा फरक कुठे पडतो?

स्पीकर आणि खोली. आजकालच्या साध्या डॅकमध्येही आवाजाची विकृती ०.०१ टक्क्याच्या खाली असते. छोट्या स्पीकरमध्ये मात्र खर्जात ती सहज एक टक्क्याच्या पुढे जाते. खोलीचं तर विचारूच नका.

१० बाय १० फुटांची खोली घ्या. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ३४३ भागिले ६.१ म्हणजे सुमारे ५६ हर्ट्झ. हा त्या खोलीचा स्वतःचा सूर. भिंतीला टेकून बसलात तर तो घुमतो, बरोबर मध्यावर बसलात तर जवळजवळ गायब होतो. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांचा सूर एकच, म्हणून त्रास डबल. स्पीकरला तेवढा खर्ज झेपत असेल, तर टोन जनरेटरच्या फुकट ॲपवर ५६ हर्ट्झ लावा आणि खोलीत फिरून बघा. सगळा खेळ कानाला कळेल.

म्हणून स्पीकर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून दोनेक फूट पुढे घ्या. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर आणा; खाली जाडजूड पुस्तकं ठेवलीत तरी चालेल. पडदे, गादी, भरलेलं कपाट, सगळं मदतीलाच येतं. खर्च शून्य.

पैसे देण्याआधी

घरच्या घरी चाचणी करा. लॉसलेस फाइल घ्या आणि त्याच फाइलपासून ३२० किलोबिटची एमपीथ्री बनवा. मित्राला नाणं उडवून दहा वेळा वाजवायला सांगा. त्याचा चेहरा मात्र तुम्हाला दिसता कामा नये! कॉम्प्युटरवर फूबार२००० ला एबीएक्सची जोड देऊन एकट्यालाही हे करता येतं. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण एक टक्का. नऊ आले, तर तुमचा कान खरंच फरक ओळखतोय. पाच-सहा आले, तर पैसे वाचले.

दुकानात दोन स्पीकर ऐकताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो.

आता ते २० हजार. माझं मत विचाराल तर १७-१८ हजार ॲम्प्लिफायर आतच असलेल्या स्पीकरच्या जोडीला द्या. उरलेल्यात वायर आणि फोनला लावायचा साधा डॅक-डाँगल येईल. १९२ चा स्टिकर नसला तरी बिघडत नाही. आहे ते गाणं पुरेसं आहे, त्याला खोलीत नीट जागा करून द्या.

चाचणीत दहापैकी किती आले ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!