झिजण्याआधी गंजणारा ब्रेक

लातूरहून नांदेडला निघालं की बालाघाटचं पठार मागे पडत जातं. चाकूर, अहमदपूर, लोहा असे टप्पे घेत रस्ता चढउतार करतो, पण एकूण हिशेबात गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरतो. डिझेलच्या गाडीत या रस्त्याने एकच शिकवलं होतं: उताराला गिअर खाली घ्या, ब्रेक तापवू नका. गेल्या पाच-सहा वर्षांत विजेवरच्या गाडीने तो धडा पुसून नवा लिहायला लावला.

सुरुवात झाली 2020 च्या जानेवारीत. टाटाची नेक्सॉन ईव्ही आली: 30.2 युनिटांची बॅटरी, कागदावर 312 किलोमीटर आणि ड्राइव्ह व स्पोर्ट असे दोनच मोड. तेव्हा चर्चा एकाच गोष्टीची असे, नांदेडहून लातूरला जाऊन परत येता येईल का? एसी लावून, हमरस्त्याच्या वेगाने एका चार्जमध्ये जाऊन-येऊन जमत नाही, हे लवकरच कळलं. ब्रेकबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नसे.

मोडबद्दलचा गैरसमजही त्याच काळातला. स्पोर्ट म्हणजे बॅटरी खाणारा, साधा म्हणजे वाचवणारा, असं आम्ही धरून चाललो. खरं तर मोडने मुख्यतः एक्सिलेटरचा स्वभाव बदलतो, पाय तेवढाच दाबला तरी मोटर किती उसळून उत्तर देते एवढाच. एकसारख्या 80 च्या वेगाने चाललात, तर मोड कोणताही असो, खर्चात फारसा फरक पडत नाही. 80 वरून 100 वर गेलात, तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. तिथे कुठलाच मोड मदतीला येत नाही.

खरा बदल 2022 ने आणला. मे महिन्यात 40.5 युनिटांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली. तिच्यात मोड तीन झाले, चारही चाकांना डिस्क आल्या आणि रीजनच्या, म्हणजे वेग कमी होताना वीज परत मिळवण्याच्या, शून्य ते तीन अशा पायऱ्या मिळाल्या. सप्टेंबरात आलेल्या टियागो ईव्हीतही त्या होत्या. 2023 च्या नव्या नेक्सॉनमध्ये तर रीजन कमी-जास्त करायचे खटके स्टिअरिंगमागेच आले. एक्सिलेटरवरून पाय उचलला की मोटर उलट जनित्र होते, चाकांचा वेग खेचून घेते आणि वीज बॅटरीत परत ढकलते. कल्पना नवी नव्हती. मुंबईच्या लोकलमध्ये 2007 पासून आलेल्या गाड्या ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडतातच.

हिशेब मात्र ताळ्यावर आणणारा आहे. दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली उतरली, तर सुटणारी ऊर्जा भरते साधारण 0.4 युनिट. वाटेतली गळती वजा जाता हाती येते दोन-अडीच किलोमीटरची बेगमी. उतारापेक्षा रीजन कामी येतं ते लातूरच्या गंजगोलाईत. सोळा रस्ते जिथे मिळतात, तिथे पावलोपावली थांबताना तिसरी पायरी लावली की ब्रेकवर पाय क्वचितच जातो. हमरस्त्यावर एक किंवा शून्य बरं. गाडीला वाहू द्यावं. आणि लातूरला शंभर टक्के भरून निघालात, तर पहिले काही किलोमीटर रीजन जवळजवळ नसतंच, कारण भरल्या बॅटरीत वीज ठेवायला जागा नसते. अशा वेळी सवयीने नुसता पाय उचलणाऱ्याची छाती एकदा तरी धडधडते.

ब्रेकचं दुखणं उघड झालं पावसाळ्यात. गाडी आठवडाभर दारात उभी होती. काढली तर चाकातून खरखर. मिस्त्रीने चाक खोललं आणि हसला, “साहेब, पॅड नव्यासारखे आहेत, पण डिस्कवर गंज चढलाय. कॅलिपरच्या पिनाही जाम व्हायला लागल्यात.” आजवर ब्रेक वापरून झिजत आले, हा न वापरल्यामुळे बिघडत होता. परदेशात फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतल्या गाड्यांना मागे बंद ड्रम दिले, त्यामागे हेही एक कारण होतं.

तेव्हापासून एक नेम ठेवलाय. आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, आरशात मागे कोणी नाही ना हे पाहून, रीजन शून्यावर आणायचं आणि चार-पाच वेळा ब्रेक नीट दाबायचा. पॅड डिस्कला घासून गंज काढतो. गाडी धुतल्यावर ती ओली तशीच उभी करायची नाही, थोडी चालवून ब्रेक वाळवायचे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. पॅड कितीही कोरे असले तरी हे ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलायचं. पिना साफ करून ग्रीस लावून घ्यायच्या, खास करून काळ्या मातीची धूळ आणि नंतरचा पाऊस अंगावर घेतल्यावर.

2024 च्या नोव्हेंबरात महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आल्या, त्यात एकाच पेडलवर गाडी थांबवायची सोय आहे. म्हणजे ब्रेकवरचा पाय आणखी कमी होणार. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना पूर्वी मी विचारायचो, “पॅड किती उरलेत?” आता विचारतो, “पिना मोकळ्या आहेत ना?”