आशा करणाऱ्याचे नाव

एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली भाषा आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. तिच्या नावाचा अर्थ मात्र थोडेच जाणतात. तोच आज वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

त्या भाषेत 'एस्पेरी' म्हणजे आशा करणे. लॅटिन 'स्पेरारे' हे या शब्दाचे मूळ होय. 'एस्पेर' या धातूस वर्तमानकाळाचा 'आंत' व नामाचा 'ओ' हे प्रत्यय लागले की 'एस्पेरांतो', म्हणजे आशा करीत असलेला मनुष्य, हा शब्द सिद्ध होतो.

प्रारंभी हे भाषेचे नाव नव्हतेच. तिचे कर्ते, नेत्रवैद्य लुडविक झामेनहोफ, यांचा जन्म १८५९ साली बियालिस्टोक येथे एका यहुदी कुटुंबात झाला. त्या नगरात पोलिश, रशियन, जर्मन व यहुदी लोक शेजारी राहत, परंतु त्यांची मने दुरावलेली असत. सर्वांस समान अशी भाषा लाभल्यास ही दरी बुजेल, असे त्यांना बालपणापासून वाटे. १८८७ मध्ये वॉर्सा येथे त्यांनी आपल्या भाषेचे पहिले पुस्तक 'डॉक्टर एस्पेरांतो' या टोपणनावाने काढले. भाषेला त्यांनी 'आंतरराष्ट्रीय भाषा' एवढेच म्हटले होते. लोकांनी कर्त्याचे टोपणनाव कृतीस दिले.

१९१७ साली, महायुद्ध चालू असतानाच, ते निवर्तले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या तिन्ही अपत्यांना नाझींनी ठार मारले.

'आशा केलेला' यासाठी त्या भाषेत 'एस्पेरिंतो' असा निराळा शब्द होतो. तो कोणी तिला लाविला नाही. नाव वर्तमानकाळीच राहिले, आणि ते उचितच झाले, असे आम्ही मानतो.