चाक मोठं, दिवा पांढरा

इंग्लंडमधल्या हॅरोच्या ग्रोव्ह हिलवर एक फलक आहे. २५ फेब्रुवारी १८९९ रोजी या उतारावर ब्रेक लावताना डेमलर गाडीचं मागचं चाक मोडलं आणि चालक एडविन सेवेल ठार झाला. मोटार अपघातात चालक दगावल्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद, असं तो फलक सांगतो. चाक फक्त वजन पेलत नाही. ब्रेकचा आणि वळणाचा ताणही तेच सोसतं.

आजच्या सेडानला मोठी अलॉय चाकं बसवताना टायरचा एकूण व्यास जवळपास तोच ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. २०५/५५ आर१६ टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, तर २२५/४५ आर१७चा ६३४. हिशेब जुळला! पण टायरच्या बाजूची उंची ११३ मिलिमीटरवरून १०१वर येते. खड्ड्याचा दणका मग रिमला लवकर बसतो.

दिव्यांचं गणित आणखी नाजूक. हॅलोजन दिव्याचा परावर्तक जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या तारेभोवती आखलेला असतो. तिथे एचआयडी किंवा एलईडी बल्ब बसवला, की प्रकाशाच्या उगमाचा आकार आणि जागा बदलते, झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाल्यावर दरवर्षी एमओटी ही गाडीच्या सुस्थितीची तपासणी होते. हॅलोजन दिव्यात एचआयडी बल्ब आढळला, तर गाडी नापास.

उजेड कमी वाटत असेल, तर आधी दिव्याची धुरकटलेली काच साफ करा, झोताची उंची तपासून घ्या. आणि कुठलाही बदल केलात, तर विमा कंपनीला कळवायला विसरू नका.