मसाल्याची बरणी

सासूबाई दर उन्हाळ्यात वर्षाचा मालवणी मसाला करायच्या. बरणीत वर हिंगाचे खडे ठेवून तोंडाला दादरा बांधायच्या. बरणी कोरड्या फडताळात असे. त्या गेल्यावर मी ती सोयीसाठी शेगडीजवळ आणली. उकळत्या आमटीवर धरूनच मसाला घेऊ लागले. श्रावणात वाफेनं गुठळ्या झाल्या, बुरशी आली. त्यांच्या हातचा शेवटचा मसाला! उन्हात वाळवून वापरावा, असं वाटलं. पण काही बुरशींचं विष उन्हानं किंवा शिजवून जात नाही. जड मनानं टाकला.

आता धने, मिरी, लवंगा अख्ख्याच ठेवते. कुटल्यावर सुगंधी तेल लवकर उडतं. बरणी पुन्हा फडताळात, आठवड्यापुरता मसाला डब्यात. चमचा मात्र कोरडाच हवा!