मोला पिशवी: कापडावरचं कासव आणि पाण्याजवळची बेटं

आज बोलूया एका पिशवीबद्दल. पनामा देशातल्या गुना आदिवासी बायका हाताने शिवतात ती मोला पिशवी. तिच्यावर मासे, खेकडे, कासवं असतात आणि बरेचदा विकताना सोबत ‘समुद्र वाचवा’ हा संदेशही येतो. मला प्रश्न पडतो, पिशवीचा आणि समुद्राचा संबंध खरा किती?

आधी कापड समजून घेऊ. गुना भाषेत मोला म्हणजे कापड, आणि बायकांच्या पोलक्यालाही तेच नाव. गोधडीवर नक्षी करताना आपण तुकडे वरून लावतो ना, इथे बरोबर उलटं. वेगवेगळ्या रंगांच्या सुती कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवायचे. वरचा थर आकारात कापला की खालचा रंग दिसतो. मग कापलेली कड आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवायची. एका चांगल्या तुकड्याला कित्येक आठवडे लागतात.

हे नुसतं शोभेचं काम नाही बरं का. १९२५ साली गुना लोकांनी पनामा सरकारविरुद्ध उठाव केला. बायकांच्या पारंपरिक पोशाखावर आलेली बंदी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

आता समुद्राकडे येऊ. गुना यालामध्ये साडेतीनशेहून जास्त बेटं आहेत, वस्ती पन्नासेक बेटांवरच. ही बेटं पाण्यापासून जेमतेम वर. जून २०२४ मध्ये गार्डी सुगदुब बेटावरची सुमारे ३०० कुटुंबं मुख्य भूमीवरच्या इस्बेरयाला वस्तीत हलवायला सुरुवात झाली. समुद्राची वाढती पातळी आणि बेटावरची दाटी, ही त्याची कारणं.

पण गोष्ट एकतर्फी नाही. बेटांवर जागा वाढवायला लोकांनी वर्षानुवर्षं प्रवाळ तोडून भराव घातला. लाटा अडवणारी नैसर्गिक भिंत त्यामुळे कमजोर झाली. दुसरीकडे, हवेची टाकी पाठीला लावून शेवंड पकडायला याच समाजाने बंदी घातली. आर्मिला गावच्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालतात आणि गावकरी दरवर्षी त्यांचा उत्सव करतात. वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे लगेच कळेल.

म्हणून माझं मत असं: पिशवीवरचं कासव समुद्र वाचवत नाही. किनारा राखतात ती माणसं, आणि पिशवीचे पैसे त्यांच्या हातात पोचले तरच संदेशाला अर्थ आहे. मोलाची नक्कल भरपूर होते. २०१९ साली गुना लोकांच्या आक्षेपानंतर नायकीला एका बुटाचं मॉडेल मागे घ्यावं लागलं होतं.

तेव्हा पिशवी हातात आली की नक्षीवरून बोट फिरवा. थर जाणवले पाहिजेत, कडेला हाताचे टाके दिसले पाहिजेत. नक्षी सपाट, छापील असेल तर ती मोला नाहीच. आणि विक्रेत्याला सरळ विचारा, शिवली कोणी, तिला किती मिळाले?