गॅस पास झाला का?

तिसऱ्या दिवशी पहाटे बायकोनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "अहो, झाला." शेजारच्या खाटेवरच्या आजींनी ते ऐकलं आणि वर बघून हात जोडले. सत्तावीस वर्षांच्या संसारात या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. पण आतड्याच्या ऑपरेशननंतर सगळा वॉर्ड एकाच प्रश्नाभोवती फिरतो. नर्स विचारते, शिकाऊ डॉक्टर विचारतो, मग मोठे डॉक्टर राऊंडला येतात आणि तेही तेच विचारतात: गॅस पास झाला का?

तेव्हा मला हसू यायचं. नंतर वाचत गेलो तसा थक्क होत गेलो.

हिच्या मोठ्या आतड्याचा उजवीकडचा भाग काढला आणि लहान आतड्याचं टोक उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडलं. आतड्याची भिंत असते काही मिलिमीटरची. आतून कायम ओली, जंतूंनी भरलेली, वर सतत हलणारी. अशी गोष्ट शिवायची कशी? सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात याचं उत्तर आहे आणि ते वाचून अंगावर काटा येतो. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवायच्या, त्यांवर काळ्या मुंग्यांकडून चावा घ्यायला लावायचा, आणि त्यांनी घट्ट पकडलं की धड तोडून मुंडकी तिथेच ठेवायची. आजचा स्टेपलर मला या मुंग्यांचा वंशज वाटतो. तो टायटॅनियमच्या इवल्याशा पिना ओळीनं मारत जातो. पिन मिटते ती इंग्रजी 'बी' अक्षराच्या आकारात. त्या आकाराला कारण आहे. अक्षराच्या दोन पोकळ्यांमधून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, म्हणजे कडा घट्टही बसतात आणि उपाशीही राहत नाहीत.

जोड घालून झाला तरी आतडं लगेच कामाला लागत नाही. त्याला हात लागला की ते गप्प होतं. मग जागं होतं तेही क्रमानं: लहान आतडं काही तासांत, जठर एक-दोन दिवसांत आणि सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा, मोठं आतडं. म्हणून तो प्रश्न. गॅस बाहेर आला याचा अर्थ वरपासून खालपर्यंत सगळी पाळी कामावर हजर झाली.

आणि हे सगळं मेंदूच्या हुकमाशिवाय. 1899 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीनं (बेलिसची बायको ही स्टार्लिंगची बहीण, म्हणजे प्रयोगशाळेत मेव्हणे-मेव्हणे) भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याकडे जाणाऱ्या बाहेरच्या सगळ्या नसा कापल्या. तरी आतड्यात एका जागी दाब दिला की त्याच्या वरचा भाग आवळायचा, खालचा सैल पडायचा आणि आतलं पुढे सरकायचं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे; पुढे ढकलण्याचा निर्णय तिथल्या तिथे होतो.

पूर्वी अशा पेशंटला आठ-दहा दिवस झोपवून, उपाशी ठेवून, नाकात नळी घालून सांभाळायचे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात त्यातल्या एकेका गोष्टीला 'का?' असं विचारलं. लवकर खायला द्या, लवकर चालवा, अफूच्या जातीची वेदनाशामकं कमी करा, कारण ती आतड्याला पेंगवतात. लोक लवकर बरे होऊन घरी जायला लागले. आमची सुटी पाचव्या दिवशी झाली.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला डिस्चार्जच्या कागदावर कुठे दिसली नाही. जोड घातल्यावर पहिले काही दिवस शरीर तिथलं जुनं कोलॅजेन मोडत असतं आणि नवं पुरेसं तयार झालेलं नसतं. त्या काळात जोड पिनांच्या भरवशावर असतो. गळती व्हायची असेल तर ती बहुधा पहिल्या आठवड्यात, कधी त्यानंतरही, लक्षात येते. म्हणजे नाजूक दिवसांतले काही दिवस पेशंट घरी असतो आणि राऊंड घ्यायला नवरा किंवा बायको.

मी चुका केल्या. ऑपरेशन दुर्बिणीनं झालं होतं, आणि त्यानंतर हिचा उजवा खांदा दुखायला लागला. मी मनोभावे बाम चोळत बसलो. दुखणं खांद्यात नव्हतंच. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चिडतं, आणि त्याच्या नसा मानेतून निघत असल्यानं मेंदूला ते दुखणं खांद्याचं वाटतं. दोन दिवसांत आपोआप गेलं. बामाचा उपयोग एवढाच की मला काहीतरी केल्यासारखं वाटलं.

दुसरी चूक मायेची. "पडून राहा, मी आहे ना." आमच्याकडे आजारपण म्हणजे पलंग, आणि पलंगाशी डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या मावश्या. पण पायांत रक्त साकळू नये, फुप्फुसं उघडी राहावीत, म्हणून चालायला हवं. हॉलपासून गॅलरीपर्यंत चौदा पावलं. पहिल्या दिवशी ती माझा दंड धरून चार फेऱ्या चालली, वाटेत दोनदा खुर्ची. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचं. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. पाण्याची कळशी, पाच लिटरचा कुकर, किराणा माझ्याकडे, सहा आठवडे. लाडू मीच खाल्ले. तिला मऊ भात, वरणाचं पाणी, मुगाची खिचडी, ताक. कच्ची कोशिंबीर, शेंगदाणे, मक्याचे दाणे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

सकाळी चहा घेतला की पोट साफ होतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. जठरात काही पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, त्याचाच हा प्रकार. हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर काहींना कॉफी आणि काहींना पाणी देऊन पाहिलं. 2012 साली त्यांनी निष्कर्ष छापला: कॉफीवाल्यांना पहिल्यांदा शौचाला सरासरी 60 तासांनी झालं, पाणीवाल्यांना 74 तासांनी. चहावर असा प्रयोग कुणी करावा, ही माझी विनंती.

पहिले काही आठवडे पातळ होतं, त्याची लाज आणि भीती दोन्ही वाटते. हिशेब कळल्यावर भीती गेली. प्यायलेलं पाणी आणि शरीरातले पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. बहुतेक तिथेच शोषला जातो. दीडेक लिटर मोठ्या आतड्यात पोचतो आणि त्यातला पेलाभरसुद्धा बाहेर पडत नाही. हिचं ते शोषणारं आतडं आता आखूड झालं होतं. उरलेला भाग हळूहळू जास्तीचं काम उचलतो.

मी एक वही केली. ताप, नाडी, पावलं, गॅस, शौच. सर्जननी सांगितलेला नियम सोपा होता: रोज थोडं बरं वाटायला हवं, कालच्यापेक्षा आज वाईट वाटलं तर फोन. वाढतं दुखणं, ताप किंवा थंडी, जोरात चालणारी नाडी, फुगून कडक झालेलं पोट, उलट्या, गॅस बंद होणं, जखमेतून स्राव, एका पोटरीला सूज, धाप. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. पेशंट स्वतः सांगेलच असं नाही. आमच्या घरात "काही नाही हो, होईल बरं" हे वाक्य दुखण्याच्या मापातच मोजावं लागतं.

सहाव्या रात्री नाडी नेहमीपेक्षा जास्त लागली. साडेअकरा वाजले होते. मी फोन लावला. पलीकडून झोपेतला आवाज आला, "पोट मऊ आहे? ताप? गॅस पास होतोय?" मऊ होतं. ताप नव्हता. होत होता. दोन तासांनी पुन्हा मोजा, म्हणाले. दीड वाजता नाडी जागेवर आली होती.

आता ती कुकर स्वतः उचलते. पिना तशाच आहेत आणि कायम राहतील. पोटाचा एक्स-रे काढला तर ओळीनं दिसतात.